लूरची मासेमारी : साधने, पद्धती आणि सबबी

लूर म्हणजे माशासारखी दिसणारी, माशासारखी हलणारी आणि माशापेक्षा महाग असलेली वस्तू. लाकडाचा, प्लास्टिकचा, धातूचा किंवा मऊ रबरी पदार्थाचा हा खोटा मासा लाइनीच्या टोकाला बांधायचा, दूर पाण्यात फेकायचा आणि रीळ फिरवत परत आणायचा. वाटेत एखाद्या खऱ्या माशाने त्याला आपल्यातला समजून तोंड घातले तर मासेमारी झाली, नाही तर व्यायाम. कोळंबी लावून गरवणाऱ्याला गळ टाकून बसता येते, विडी ओढता येते, डुलकीही काढता येते. आमिष आपले काम करत राहते. लूरला चव नाही, वास नाही, जीव नाही. हे सगळे मनगटातून पुरवावे लागते. त्यामुळे लूरवाला बसत नाही. पहाटेपासून उन्हे चढेपर्यंत तो एकच वस्तू पुन्हा पुन्हा फेकतो, पुन्हा पुन्हा ओढून आणतो, आणि कोणी विचारलेच तर आपण विश्रांतीसाठी जातो असे सांगतो.

करमणूक म्हणून मासे धरणे आपल्याकडे नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोद असे स्वतंत्र प्रकरण आहे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे गळावरचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली निघाले, म्हणजे त्यानंतर पाचशे वर्षांनी. सोमेश्वराने राज्य मिळवणे आणि ते टिकवणे हे विषय ग्रंथाच्या आधीच्या विंशतींत, म्हणजे वीस-वीस अध्यायांच्या भागांत, हातावेगळे केले आणि गळाला विनोद विंशतीत जागा दिली. हे वर्गीकरण बदलण्याचे कारण अजून दिसलेले नाही.

खोट्या आमिषाचा आजचा बाजार मात्र परदेशी आहे. अमेरिकेतल्या ज्यूलिओ ब्यूएलच्या हातून जेवताना चमचा तळ्यात पडला आणि बुडता बुडता तो एका माशाने गिळला, अशी दंतकथा आहे. १८५२ साली त्याने चमच्याच्या लूरचे पेटंट घेतले, ही मात्र कागदोपत्री गोष्ट आहे. फिनलंडच्या लॉरी रापालाने १९३६ साली बुचाचे लाकूड कोरून, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळून आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून केलेला लेप देऊन एक मासोळी घडवली. जखमी मासोळी झोकांड्या खात पोहते आणि मोठा मासा नेमका तिच्यावर धावतो, हे त्याने होडीत बसून पाहून ठेवले होते. १९६२ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात या मासोळीवर लेख आला. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निधन पावलेली मेरिलिन मन्रो होती. लोकांनी अंक मन्रोसाठी घेतला आणि आत त्यांना मासोळी सापडली. आमिषाचा याहून नमुनेदार प्रयोग मत्स्यशास्त्राच्या इतिहासात शोधावा लागेल.

साधनांत रॉड, रीळ आणि डबा ही तीन प्रमुख होत. कोकणातल्या खाडीसाठी सात-आठ फुटांचा, दोन तुकड्यांचा कार्बनचा रॉड पुरतो. एसटीत तो वर फळीवर ठेवण्याची मालकाची छाती होत नाही. तो मांडीत घेऊन बसतो, आणि शेजारचा प्रवासी पडद्याचा दांडा कितीला पडला म्हणून विचारतो. स्थिर चकतीचे रीळ इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या लोकरगिरणीवाल्या घराण्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ साली पेटंट केले. सुताच्या बॉबिनीवरून धागा जसा सरळ सुटतो, तसाच रिळावरून सुटावा ही त्यामागची कल्पना. धागा तसा सुटतोही. फक्त वारा समोरून असला की सगळा एकदम सुटतो आणि त्याचा गुंता सोडवण्यात पहाटेचा उत्तम अर्धा तास जातो. ही लाइन विणलेली, दोऱ्याइतकी बारीक आणि वीस पौंडांचा ताण सोसणारी असते. कालवांची धार आणि माशाचे दात तिला सोसत नाहीत, म्हणून शेवटी हात-दोन हात जाड तंगूस जोडतात. या दोहोंना जोडणारी गाठ घरी दिव्याखाली, व्हिडिओ थांबवत थांबवत मारली तर फार देखणी बसते. खाडीवर ती बॅटरी दातात धरून, डास अंगावर घेऊन मारावी लागते. तुटायची झाली तर लाइन याच गाठीशी तुटते, आणि गाठ स्वतःच मारलेली असल्याने या बाबतीत मौन पाळण्याची प्रथा आहे.

डब्याचे शास्त्र मोठे आहे. पाण्यावर गुबुगुबू आवाज करत येणारा पॉपर, हातभर खोल पोहणारा मिनो, चकाकत बुडणारा स्पून, शिशाच्या डोक्यावर ओवलेले मऊ रबरी शेपूट, आणि या प्रत्येकाचे सगळे रंग. गढूळ पाण्यात भडक, नितळ पाण्यात फिका, हा रंगांचा सर्वमान्य नियम आहे. काही लागले नाही तर याच्या उलट करावे, हा दुसरा नियमही तितकाच सर्वमान्य आहे. ज्या लूरला एकदा चांगला मासा लागला तो हरवेल या भीतीने पुढे पाण्यात टाकला जात नाही. तो डब्यात मानाने राहतो आणि ज्यांनी कधी काही केले नाही तेच कामावर जातात. सरकारी खात्यांत ही पद्धत डब्यावरून आली की डब्यात ती तिकडून आली, याबद्दल मतभेद आहेत.

आता नदी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहणारी वाघोटन या कामासाठी पुरेशी निवांत आहे. खारेपाटणच्या बाजूने खाली विजयदुर्गापर्यंत समुद्र दिवसातून दोनदा तिच्यात चढतो आणि दोनदा उतरतो. एके काळी गलबते या पाण्यावरून खारेपाटणच्या बंदरापर्यंत वर जात. विजयदुर्गाजवळ याच खाडीच्या काठी मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे आणि पाणी उतरून ते कोरडे पडले की डागडुजी करायची, हा तिथला शिरस्ता. समुद्राच्या वेळापत्रकाप्रमाणे काम करून त्या लोकांनी आरमार चालवले. लूरवालाही त्याच वेळापत्रकाप्रमाणे चालतो. निष्पत्ती वेगळी असते.

हे वेळापत्रक घड्याळात मिळत नाही, पंचांगात मिळते. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीचा तास येतो, असे किनाऱ्यावरचे जुने गणित आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. हा हिशेब मुंबई बंदराला चांगला लागू पडतो. दक्षिण कोकणात भरती त्याच्या थोडी आधी लागते आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी उशिरा पोहोचते, त्यामुळे वाघोटनच्या मधल्या वळणावर दोन्ही चुका एकमेकींना सांभाळून घेतात. पाण्याचा चढही मुंबईइतका नाही. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या घरात चढते-उतरते. इकडे त्याच्या साधारण निम्मे.

इथवर सगळे सोपे आहे. अडचण यापुढे सुरू होते. भरतीच्या वेळी छोटे मासे आणि कोळंबी कांदळाच्या मुळांत शिरून सुरक्षित राहतात. पाणी उतरू लागले की त्यांना नाइलाजाने बाहेर यावे लागते. छोट्या ओहळांच्या तोंडाशी मोठे मासे त्यांची वाट पाहत उभे असतात, आणि त्या रांगेत आपला खोटा मासा घुसवणे हे लूरवाल्याचे सगळे राजकारण आहे. शिकारी मासे अंधुक उजेडात अधिक धीट होतात. तेव्हा आदर्श सकाळ अशी, की झुंजुमुंजू व्हावे आणि त्याच वेळी भरती उलटून ओहोटीने जोर धरावा. गणित मांडले तर पहाटे भरती पुरी होते ती अष्टमीच्या सुमाराला. पण अष्टमीला भांग असतो. चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढतात, पाणी जेमतेम चढते, जेमतेम उतरते, आणि ओहळाच्या तोंडाशी कोणालाच घाई नसते. पाण्याला खरा जोर येतो उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, आणि त्या दिवशी पहाटे सहा वाजता नदी खाली गेलेली असून तिच्या जागी चिखल असतो. थोडक्यात, वेळ चांगली असते तेव्हा पाणी चालत नाही आणि पाणी चालते तेव्हा वेळ चांगली नसते. याचे कारण न्यूटनने १६८७ साली दिले. उपाय दिला नाही. पंचमी-षष्ठी हा त्यातल्या त्यात बरा तोडगा. त्या दिवशी रविवार नसतो.

ज्यांना पंचांग जुनाट वाटते त्यांच्यासाठी मोबाइलवर ॲप आहे. अमेरिकेच्या जॉन ऑल्डन नाइटने १९२६ साली चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून माशांच्या भुकेच्या वेळांचे कोष्टक मांडले. त्याचे आजचे वंशज पडद्यावर दिवसाला गुण म्हणून माशांची चित्रे देतात. चार चित्रांच्या दिवशी जाऊन परत येणारा माणूस एका चित्राच्या दिवशी न गेलेल्या माणसापेक्षा अधिक खचलेला असतो.

पद्धत अशी. अंधार असतानाच काठावर पोहोचावे. बॅटरी पाण्यावर मारू नये. पहिला लूर समोरच्या काठाला, मुळांपासून वीतभर अलीकडे पडला पाहिजे. हातभर अलीकडे पडला तर मासा बाहेर येत नाही, आणि वीतभर पलीकडे पडला तर लूर बाहेर येत नाही. कांदळाची टेकू-मुळे कमानीसारखी पाण्यात उतरलेली असतात आणि गळाचे तीन काटे त्यांच्या मापाचेच असतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते, वीतभर लांब होते आणि मग सुटून पाण्यात पडते. पडताना ‘डुब्’ असा जो आवाज होतो तो मोठ्या माशाने वर येऊन काही गिळल्याच्या आवाजाशी इतका जुळतो, की हंगामात निम्मी सकाळ झाडाच्या बियांवर नेम धरण्यात जाते.

गळाला लागणाऱ्या जातींत संख्येने पहिला क्रमांक याच झाडांचा लागतो. त्यांना लागलेला गळ हिसका देऊन सुटत नाही, हे माहीत असूनही आधी हिसकाच दिला जातो. फांदी तोडून लूर सोडवावा असे मनात येते. पण कांदळवन तोडायला राज्यात बंदी आहे. शिवाय झाड पांढऱ्या चिप्पीचे निघाले तर २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिलेला आहे, तेव्हा काही ग्रॅम प्लास्टिकसाठी राजवृक्षाला हात लावणे बरे दिसत नाही. चिखलातून चालत जाऊन सोडवणे हा एकच सभ्य मार्ग उरतो. ओहोटीच्या चिखलात पहिल्या पावलाला घोटा जातो, दुसऱ्याला गुडघा आणि तिसऱ्याला चप्पल. आजूबाजूला निवट्या टुणटुण उड्या मारत असतात. मासा असून चिखलावर हिंडणारा हा प्राणी, पाण्यात उतरलेल्या माणसाकडे डोळे वर काढून बघतो तेव्हा दोघांपैकी जागा कोणाची चुकली आहे याचा निर्णय कठीण होतो.

पाण्यात मासे असतात. ते दिसतातही. बोय तर पहाटेपासून थव्याने उड्या मारत असते. दर मिनिटाला एखादी हातभर वर उसळून चपकन पडते आणि नवख्याचा हात थरथरतो. परंतु बोय ही शेवाळ आणि गाळातले बारीकसारीक खाणारी. दुसऱ्या माशाचा पाठलाग करून त्याला गिळावे असे तिच्या मनातही येत नाही. जिताडा आणि तांबोसा हे लूरचे खरे गिऱ्हाईक, आणि ते दिसत नाहीत. हा सिद्धान्त नवशिक्यांनी पाठ करावा: जो मासा दिसतो तो लूर खात नाही, आणि जो खातो तो दिसत नाही. मधल्या वर्गात केंड येतो. तो दिसत नाही, लागत नाही, पण रबरी शेपूट शिंप्याच्या कात्रीने कापल्यासारखे सरळ कापून नेतो. लांब चोचीचा टोकी मासा लूरमागे थेट पायापर्यंत येतो, चोच मारतो, आणि त्या हाडाच्या चोचीत काटा रुतत नाही म्हणून निघून जातो. गरवणाऱ्याला तेवढ्यावर दोन तास उत्साह पुरतो.

नदी निवांत असल्याचे वर म्हटले आहे. हे विधान माशांपुरते आहे. कोकणात कोणत्याही काठावर एकटा माणूस पाच मिनिटे उभा राहिला की तो सार्वजनिक होतो. पहिला प्रश्न ठरलेला: “काय गावला काय?” दुसरा, त्याचे उत्तर येण्याआधी: “कोणाचो रे तू?” वडिलांचे, मग आजोबांचे आणि शेवटी वाडीचे नाव सांगितल्यावर ओळख पटते, आणि ओळख पटली की सल्ला मिळतो. “हयसर काय गावाचा नाय. थयसर पुलाखाली जा.” पुलाखाली गेल्यास तिथला माणूस इकडे बोट दाखवतो. सल्ल्याबरोबर बातमी असतेच: “काल हयसरच एकाक पाच किलोचो तांबोसो गावलो.” हा तांबोसा प्रत्येक खाडीत, प्रत्येक ठिकाणी, नेहमी काल गावलेला असतो. त्याचे वजन पाच किलोच्या खाली कोणी ऐकलेले नाही आणि ज्याला तो गावला त्याचे नाव कोणाला आठवत नाही. ओहोटीला कालवे फोडायला आलेल्या बायका अधिक रोखठोक असतात. “झिला, ह्या खेळण्यान मासो गावता?” असे एखादी विचारते. “गावता मावशी, कधी कधी,” या उत्तरावर ती हसत नाही, हे तिचे मोठेपण. तासाभरात तिची टोपली भरते आणि जाता जाता ती सांगते, “जाताना कालवां घेवन जा हो. रिकाम्या हातान जाव नको.”

याहून कठीण प्रसंग पागवाल्याचा. तो अर्ध्या चड्डीत येतो, कमरेइतक्या पाण्यात उतरतो, पागाची एक बाजू दातात धरतो, पाणी क्षणभर न्याहाळतो आणि एकदाच फेकतो. पाण्यावर पुरा गोल उमटतो. जाळे वर येते तेव्हा त्यात दुपारच्या कालवणापुरती बोय, चार काळुंदरे आणि मूठभर कोळंबी असते. तो ती थैलीत टाकतो, डब्यातल्या रंगीबेरंगी मालाकडे कौतुकाने पाहतो, किंमत विचारतो, आणि ती ऐकून काही न बोलता घरी जातो. वर वीजतारेवर खंड्या बसलेला असतो. त्याचाही नेम चुकत नाही असे नाही, पण त्याला कोणी विचारायला येत नाही. हिवाळ्यात पाहुणा आलेला कैकर वरून पाय खाली सोडून पाण्यावर आदळतो आणि हातभर मासा घेऊन उडतो. पाणमांजरांचे कुटुंब त्या वळणावरून गेले तर मात्र लूरवाल्याने साधने आवरायला हरकत नाही. पाणमांजर पाहिल्याचा आनंद होतोच, आणि सबब हाती येते तीही पहिल्या प्रतीची.

सबब हा या विद्येचा गाभा आहे, आणि त्यावर आजवर पुरेसे लिहिले गेलेले नाही. कोळंबी लावणाऱ्याकडे एकच कारण असते: मासा नव्हता. लूरवाल्याचे तसे नाही. पाणी गढूळ होते, त्याला लूर दिसला नाही. पाणी नितळ होते, त्याला लाइन दिसली. रात्री चांदणे होते, मासा रात्रीच पोट भरून बसला. रात्र काळोखी होती, तो अजून झोपेतून उठलेला नव्हता. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, त्याने लाइनीला पोट पडते. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, त्याने पाणी खडबडते. आणि मधल्या वेळात वारा पडतो तेव्हा पाणी आरशासारखे होते, जे सगळ्यात वाईट. पावसाळ्यात डोंगरातून तांबडे पाणी येऊन खारे पाणी खाली रेटले जाते. पावसाळ्यानंतर खारे पाणी पुन्हा वर चढू लागते, पण अजून पुरते चढलेले नसते. काल कोणीतरी जाळे लावले होते. आज होडीचे इंजिन वाजले. चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत. तिथल्या गरवणाऱ्यांकडे लवकर निघून येण्याचे एक जास्तीचे आणि बिनतोड कारण असते, आणि बाकीच्या खाड्यांवरचे लोक याबद्दल त्यांचा छुपा हेवा करतात.

यावरून साधनांवरच्या खर्चाचाही उलगडा होतो. आमिष जिवंत असले की आकार, रंग, खोली, वेग यांपैकी काहीच माणसाच्या हाती राहत नाही. लूर घेतला की हे सगळे निवडावे लागते, आणि निवडलेले चुकू शकते. डब्यातला प्रत्येक नवा लूर म्हणजे आज न वापरल्यामुळे मासा गेला असे सांगता येईल असा एक लूर. पाचशे रुपयांत मासा किती येतो हे बाजारात कळते. तेवढ्यात सबबी किती येतात याचा हिशेब कोणी करत नाही, म्हणून हा छंद तोट्याचा समजला जातो. तो तसा नाही. मासा एका जेवणात संपतो. चांगली सबब महिनाभर पुरते आणि ती ऐकणाराही त्याच विद्येचा असला तर तो तिच्यात आपल्याकडची भर घालून परत करतो.

कधी कधी मासा लागतो. हा भाग थोडक्यात आटोपण्याजोगा आहे, कारण तो प्रत्यक्षातही थोडक्यात आटोपतो. तांबोसा मुळांच्या सावलीत दबा धरून असतो. बाहेर येऊन लूर धरणे आणि वळून पुन्हा मुळांत शिरणे ही त्याची एकच हालचाल असते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याला बाहेर खेचला तर खेचला. एवढ्यात रिळाचा ड्रॅग आवळावा की सोडावा याविषयी पुस्तकात दोन पाने असतात. मूळ, कालव आणि ताण यांची गाठ पडली की लाइन सैल होते आणि काठावर मोठी शांतता पसरते. जिताड्याची तऱ्हा निराळी. तो उघड्या पाण्यात झेप घेऊन डोके झाडतो आणि कल्ल्याच्या धारदार झाकणाने तंगूस कापून जातो. रायगडकडे खारजमिनीतल्या तळ्यांत जिताडा पाळतात, आणि अडलेली कामे त्याच्या भेटीने सुटत असत अशा कथा तिकडे सांगितल्या जातात. खाडीतल्या जिताड्याची भेट मिळणे त्याहून अवघड. तो सुटला की “बाप मासा होता” असे सांगण्याचा प्रघात आहे. शास्त्र याला आधार देत नाही. जिताडा आधी नर असतो आणि वाढून मोठा झाला की मादी होतो, तेव्हा सुटलेला मासा खरोखरच तेवढा मोठा असेल तर ती बहुधा आई होती.

मासा काठावर आलाच, तर तो बहुधा वीतभर तांबोसा असतो. मोठे तांबोसे समुद्रातल्या खडकांकडे निघून जातात. खाडी ही त्यांची शाळा आहे आणि लूरला लागतात ते विद्यार्थी. याला सोडून द्यावे. सोडण्यापूर्वी फोटो घ्यावा लागतो, आणि एकट्याने गेल्याचा तोटा इथे प्रथमच जाणवतो. मोबाइल कांदळाच्या बेचक्यात टेकवून, दहा सेकंदांचा टायमर लावून, मासा दोन्ही हातांनी लांब पुढे धरून हसायचे असते. मासा हाताच्या लांबीने मोठा दिसतो. पाण्याबाहेर त्याला फार वेळ ठेवणे मात्र बरे नाही, म्हणून पहिल्या फोटोत डोळे मिटलेले आले तरी तोच चालवून घ्यावा. गळाचे काटे निघताना माशाला आणि माणसाला सारखेच टोचतात. काट्यांचे दाते पक्कडीने आधीच चेपून ठेवले तर दोघांचीही सुटका लवकर होते. दाते चेपल्यामुळे मासे सुटतात असेही म्हणतात, त्यामुळे एका पक्कडीत माशाचे भले आणि माणसाची सबब, दोन्ही साधते.

नऊच्या सुमाराला ऊन चढते, मासे खोल जातात आणि लूरवाला बाजाराच्या वाटेने घरी निघतो. बाजारातून मासा विकत नेऊन तो खाडीतला म्हणून खपवण्याचा प्रयत्न करू नये. माशाच्या डोळ्यांवरून आणि कल्ल्यांवरून तो बर्फात किती वेळ होता हे कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात ओळखले जाते. तिथे जवळ्याचे किंवा सोड्यांचे कालवण आधीच रटरटत असते. यात अविश्वास नाही. घरच्यांचाही थोडा पंचांगाचा अभ्यास असतो.

गरवणाऱ्यांना एकच विनंती आहे. तुटलेला तंगूस आणि लाइनीचे गुंते कांदळात टाकून येऊ नयेत. बगळ्यांचे आणि पाणकावळ्यांचे पाय त्यात अडकतात, आणि तो कुजत नाही. सगळा गोळा करून पिशवीत भरून आणावा. पिशवी बाहेरून रिकामी दिसत नाही, हा आणखी एक फायदा.